गाडीची शक्ती आणि रस्त्याची शांतता

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडायचे, त्यांवरून रोड रोलर फिरवायचा आणि त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांना द्यायची, हा सोहळा गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील अनेक शहरांच्या परिचयाचा झाला आहे. चेपलेले पत्रे भंगारात जातात, मोहीम संपते आणि थोड्याच दिवसांत त्याच रस्त्यांवर तोच फटफटाट नव्याने सुरू होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडून बसलेला विद्यार्थी, रस्त्यालगतच्या वर्गात आवाज चढवून शिकवणारा शिक्षक, दिवसभर कचेरीत राबून घरी आलेला कारकून आणि दवाखान्याच्या खाटेवर डोळा लागण्याची वाट पाहणारा रुग्ण, या सर्वांनी हा फटफटाट शहरी जीवनाचा अटळ भाग म्हणून जणू स्वीकारला आहे. तो खरोखरच अटळ आहे काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. तो विचारला, तर त्याचे उत्तर पोलीस चौकीपेक्षा इंजिनाच्या रचनेत अधिक सापडते.

या वादातील दोन्ही पक्षांचे गृहीत एकच आहे, ही त्यातील गमतीची गोष्ट. गाडीची शक्ती वाढली की आवाज वाढणारच, असे हौशी तरुणाला वाटते. म्हणून आवाज हा तो आपल्या गाडीच्या बळाचा पुरावा मानतो. त्रासलेल्या नागरिकालाही तसेच वाटते. म्हणून बळाची हौस हीच गोंगाटाची जननी आहे, तेव्हा ती हौसच मोडून काढावी, असे तो म्हणतो. शक्ती हवी तर गोंगाट सोसा आणि शांतता हवी तर शक्ती सोडा, असा हा सौदा दोघांनीही मान्य केलेला दिसतो. परंतु मोटार-अभियांत्रिकीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास या सौद्याला आधार देत नाही. शक्ती आणि गोंगाट एकाच इंजिनात जन्मतात हे खरे. पण त्यांची फारकत करता येते, ती पूर्वीच झालेली आहे आणि तिला लागणारी किंमतही फार मोठी नाही.

आवाज येतो कोठून?

पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनात इंधन जळून दट्ट्या खाली ढकलला जातो. तो तळाशी पोचण्याच्या सुमारास जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप उघडते. त्या क्षणी सिलिंडरमधील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा पुष्कळ अधिक असतो. बाटलीचे बूच उडावे तसा हा तप्त वायू नळीत झेपावतो आणि दाबाची एक लाट नळीच्या तोंडातून बाहेर पडते. हाच तो फटका. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा असा फटका देतो. मिनिटाला ३००० फेऱ्या घेणाऱ्या चार सिलिंडरच्या मोटारीत सेकंदाला १०० फटके बसतात. कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, त्यांची सलग घरघर होते. एकाच सिलिंडरची मोठी मोटारसायकल मिनिटाला हजार फेऱ्यांवर जागीच धडधडत असेल तर सेकंदाला आठच फटके पडतात आणि त्यातला प्रत्येक वेगळा ऐकू येतो. जाड, खालच्या पट्टीतील हा ध्वनी भिंतींना आणि बंद खिडक्यांना फारसा जुमानत नाही, हे रस्त्याकाठच्या प्रत्येक घराला अनुभवाने ठाऊक आहे.

या लाटेला आवरण्याचे काम सायलेन्सर करतो. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या कोलंबस गावच्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ साली मोटारीसाठी अशा साधनाचे एकस्व मिळवले. म्हणजे मोटार आणि सायलेन्सर जवळजवळ बरोबरीनेच वाढले आहेत. त्याच्या पोटात दोन तऱ्हांची कामे चालतात. एका तऱ्हेत अरुंद नळीतून आलेला वायू एकदम मोठ्या कोठीत पसरतो, भोकाभोकांच्या नळ्यांतून आणि पडद्यांमधून फिरतो; परावर्तित झालेल्या लाटा मागून येणाऱ्या लाटांना छेद देतात आणि दोन्ही क्षीण होतात. दुसऱ्या तऱ्हेत नळीभोवती काचतंतूंसारखा सच्छिद्र पदार्थ भरलेला असतो. ध्वनी त्यात शिरतो आणि त्याची उष्णता होऊन जाते. पहिली रीत खालच्या पट्टीतील आवाजाला लागू पडते, दुसरी वरच्या पट्टीतील आवाजाला. चांगल्या सायलेन्सरमध्ये दोहोंचा मेळ घातलेला असतो.

शक्तीचा प्रश्न येथेच येतो. इंजिनाची शक्ती वाढवायची म्हणजे त्यात अधिक हवा आणि अधिक इंधन जाळायचे. अधिक जळाले की अधिक वायू बाहेर काढावा लागतो. नळी आणि सायलेन्सर पूर्वीचेच ठेवले तर वायूची कोंडी होते, उलटा दाब वाढतो आणि मिळवलेल्या शक्तीचा काही भाग तो वायू बाहेर रेटण्यातच खर्च होतो. सायलेन्सर काढून टाकण्याचे समर्थन करणारे याच गोष्टीवर बोट ठेवतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ते अर्धेच सांगतात. कोंडी फोडण्याचा मार्ग सायलेन्सर फेकणे हा नसून तो मोठा करणे हा आहे. नळीचा व्यास वाढवावा, तिची वळणे सौम्य करावीत, कोठीचे आकारमान वाढवावे, म्हणजे वायूला वाट मोकळी मिळते आणि ध्वनीला मिळत नाही. शांततेला जागा लागते, वजन लागते आणि थोडा पैसा लागतो. सुघटित सायलेन्सरने होणारी शक्तीची हानी थोड्या टक्क्यांपलीकडे जात नाही, आणि गावातल्या रस्त्यावर ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

गॅरेजच्या भाषेत ज्याला ‘पुंगळी काढणे’ म्हणतात, त्याने मात्र पुष्कळदा शक्ती वाढण्याऐवजी घटते. नळीची लांबी आणि कोठीचे आकारमान कारखान्यात मोजून ठरवलेले असते. परतून येणारी लाट नेमक्या वेळी झडपेपाशी पोचून उरलासुरला वायू ओढून घेते आणि नव्या मिश्रणाला आत येण्यास मदत करते. पुंगळी काढली की हा मेळ बिघडतो. वाहतुकीत ज्या कमी फेऱ्यांवर गाडी चालवावी लागते, तेथेच तिची ओढ कमी होते. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या गाड्यांत धुरातील विषारी वायू निववणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुराच्या मार्गातच असतो. पुष्कळ दुचाकींत तो सायलेन्सरला जोडलेला असल्याने सायलेन्सर बदलताना तोही जातो. म्हणजे शेजाऱ्याच्या कानांबरोबर त्याच्या फुप्फुसांवरही हल्ला होतो आणि बदल्यात मालकाला मिळते काय, तर शक्तीचा भास. नळीच्या तोंडून ध्वनीच्या रूपाने बाहेर पडणारी ऊर्जा हा इंजिनाच्या शक्तीचा अत्यंत क्षुल्लक अंश असतो. तो वाढला म्हणून चाकांना काहीच अधिक मिळत नाही.

शर्यतीच्या मैदानावरील पुरावा

हे केवळ पुस्तकी विवेचन नव्हे. जेथे शक्तीखेरीज दुसरे काही मोजले जात नाही, त्या शर्यतींच्या मैदानांनीच याचा पुरावा दिला आहे. इंग्लंडमधील सरे परगण्यात ब्रुकलँड्स येथे १९०७ साली मोटारशर्यतींसाठी खास धावमार्ग बांधण्यात आला. आवाजाने हैराण झालेल्या आसपासच्या रहिवाशांनी वर्षभरातच न्यायालयाची पायरी चढली. हा तंटा पुढे बरीच वर्षे धुमसत राहिला आणि अखेर १९२० च्या दशकाच्या मध्यास तेथे धावणाऱ्या प्रत्येक गाडीला ठरावीक आकारमानाचा सायलेन्सर लावणे सक्तीचे झाले. ‘ब्रुकलँड्सचा डबा’ म्हणून तो पुढे ओळखला जाऊ लागला. शर्यती त्यामुळे थंडावल्या काय? नेपियर-रेल्टन ही जवळजवळ २४ लिटरचे विमानाचे इंजिन बसवलेली अजस्र गाडी तेथे धावली. जॉन कॉब यांनी १९३५ साली ती ताशी १४३.४४ मैल, म्हणजे सुमारे २३१ किलोमीटर सरासरी वेगाने फिरवून या धावमार्गाचा विक्रम केला. तिच्या दोन्ही अंगांना ते भलेमोठे डबे होते. १९३९ मध्ये मैदान बंद होईपर्यंत हा विक्रम कोणी मोडू शकले नाही.

अलीकडचा दाखला फ्रान्समधील ल मान्सचा आहे. तेथील चोवीस तासांची शर्यत २००६ साली ऑडी कंपनीच्या आर-१० या गाडीने जिंकली. ती शर्यत जिंकणारी ती पहिली डिझेल गाडी. साडेसहाशे अश्वशक्तीहून अधिक बळाची ही गाडी तिच्या शांतपणाबद्दलच प्रसिद्धी पावली. त्याचे कारण टर्बोचार्जर. बाहेर पडणाऱ्या वायूच्या वाटेत एक चक्र बसवायचे, वायूने ते फिरवायचे आणि त्याच्या जोरावर इंजिनात अधिक हवा कोंबायची, ही त्याची रीत. जी ऊर्जा एरवी फटक्याच्या रूपाने हवेत गेली असती तिचा काही भाग येथे कामी लागतो आणि फटक्याची धार बोथट होते. शक्ती वाढते आणि आवाज घटतो, या दोन्ही गोष्टी एकाच यंत्राने साधतात. आज भारतीय रस्त्यांवरील अनेक लहान मोटारींत हेच साधन बसवलेले असते. त्यांचे मालक पूर्वीपेक्षा अधिक बळाची आणि तरीही पूर्वीपेक्षा शांत गाडी चालवत असतात.

फॉर्म्युला वन शर्यतींत २०१४ साली जे घडले ते याहून बोलके आहे. त्या वर्षी २.४ लिटरची आठ सिलिंडरची इंजिने जाऊन १.६ लिटरची, सहा सिलिंडरची, टर्बोचार्जर आणि विजेची जोड असलेली इंजिने आली. शक्तीत उणीव आली नाही. इंधन कमी लागू लागले. आवाज मात्र लक्षणीय उतरला. आणि ओरड झाली ती याच गोष्टीची! मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीनंतर आयोजकांनी नाराजी बोलून दाखवली. त्याच वर्षी एका संघाने कर्ण्याच्या आकाराची नळी लावून आवाज वाढवण्याचा प्रयोग करून पाहिला, तो साधला नाही. २०१६ साली तर आवाज वाढावा याच हेतूने नळ्यांच्या रचनेचे नियम बदलण्यात आले. गाड्यांचा वेग कमी झाल्याची तक्रार नव्हती, वेग ऐकू येत नाही अशी तक्रार होती. गोंगाट ही यंत्राची गरज नसून माणसाची हौस आहे, याचा याहून स्पष्ट कबुलीजबाब कोणता हवा?

हौसेचे मानसशास्त्र

ही हौस हसण्यावारी नेण्याजोगी नाही. मद्रासमध्ये १९५५ पासून बांधल्या जाऊ लागलेल्या बुलेट मोटारसायकलचा संथ, भरदार ठोका हा कित्येक पिढ्यांच्या आठवणींचा भाग आहे. लष्करातून निवृत्त झालेला सुभेदार, गावचा डॉक्टर किंवा दुधाचा व्यापारी त्या ठोक्यावरून ओळखला जाई. पण त्या ठोक्याचे मोल त्याच्या संथपणात होते. मूळ सायलेन्सरमधून येणारा तो आवाज अंगणात कळत असे. गल्लीच्या टोकापर्यंत काचा हादरवत जात नसे. आज जे चालते ते निराळे आहे. चालत्या गाडीची कळ बंद करून पुन्हा चालू करायची, त्या अवधीत न जळालेले इंधन तापलेल्या नळीत साचू द्यायचे आणि त्याचा बार उडवायचा, याला ‘फटाका’ म्हणतात. यात गाडीवरील प्रेम नाही, तिच्या शक्तीचे कौतुक नाही. लोकांनी दचकून मागे वळून पाहावे एवढीच अपेक्षा आहे. ज्याला समाजात दुसऱ्या कोणत्याही मार्गाने आपल्याकडे पाहावयास लावता येत नाही, त्याला हा मार्ग स्वस्त वाटला तर नवल नाही. बेकारी आणि रिकामपण यांचा या आवाजाशी असलेला संबंध समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी जरूर तपासावा.

परंतु ही हौस केवळ रिकामटेकड्यांची आहे असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. बीएमडब्ल्यू कंपनीने २०११ साली आणलेल्या एम-५ या महागड्या मोटारीची बांधणी इतकी आवाजबंद झाली की इंजिनाचा ध्वनी आत बसलेल्यांना ध्वनिक्षेपकांतून ऐकवण्याची सोय करावी लागली. एका दृष्टीने ही तडजोड सुज्ञपणाची आहे. ज्याला आवाज हवा त्याने तो आपल्या गाडीच्या काचा लावून ऐकावा, रस्त्याला त्याचा भार नको. हौस आणि उपद्रव यांची सीमारेषा कोठे आखावी, हे या उदाहरणावरून कळते.

कायदा काय म्हणतो

या बाबतीत कायदा दुबळा आहे ही समजूत चुकीची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२० वा नियम प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा करतो आणि त्याने आवाज व्यवहारतः शक्य तितका कमी केला पाहिजे, असे सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चे ५२ वे कलम नोंदणीत दिलेल्या व उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि ध्वनी व वायुप्रदूषणाची मानके मोडून गाडी चालवणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवान्यास अपात्रता, अशा शिक्षा ठेवल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणाविषयी दिलेल्या निकालात शांततेने जगण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला आणि दुसऱ्याच्या कानावर आवाज लादण्याचा हक्क कोणालाही नाही, हे स्पष्ट केले. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे.

मग त्रुटी कोठे आहे? ती मोजमापात आहे. नवी गाडी बाजारात आणण्यापूर्वी तिच्या नमुन्याच्या आवाजाची कसोटी होते. गाडी पूर्ण जोराने पुढे नेऊन तिच्या मार्गापासून साडेसात मीटरवर ठेवलेल्या ध्वनिग्राहकाने आवाज मोजला जातो. ही परीक्षा नमुना एकदाच देतो. त्यानंतर गाडी दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर राहते. त्या काळात तिच्या धुराची तपासणी ठरावीक मुदतीने होते, परंतु आवाजाची होत नाही. पीयूसी म्हणून सर्वांच्या परिचयाचे जे प्रमाणपत्र आहे, त्यात ‘प्रदूषण’ हा शब्द आहे. पण ध्वनी हेही प्रदूषण आहे याची त्याला दखल नाही. परिणामी रस्त्यावरील पोलिसाला आपल्या कानावर विसंबून राहावे लागते. कानाची साक्ष न्यायालयात किती टिकणार? म्हणून तो अडचणीची वाट टाळतो. दंडाची पावती फाडतो, सायलेन्सर जप्त करतो आणि तो चेपण्याचा समारंभ करतो.

दुसरी त्रुटी कायद्याच्या दृष्टिकोनात आहे. भारतात १ एप्रिल २००५ पासून नव्या गाड्यांसाठी ज्या ध्वनिमर्यादा लागू झाल्या, त्यांत ८० घन सेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकीला ७५ डेसिबल, १७५ पर्यंतच्या दुचाकीला ७७ आणि त्याहून मोठ्या दुचाकीला ८० डेसिबल अशी चढती मुभा होती. मोटारीची मर्यादा मात्र ७४ होती. डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, पाच वाढले की तिपटीहून थोडी अधिक. म्हणजे चार माणसांना वाहून नेणाऱ्या मोटारीने जेवढा आवाज करायचा, त्याच्या चौपट ध्वनिऊर्जा सोडण्याची मुभा एकट्या स्वाराच्या मोठ्या मोटारसायकलला मिळाली. दुचाकीवर मोठ्या कोठीसाठी जागा कमी असते, ही अडचण मान्य करूनही, ‘शक्ती मोठी म्हणून आवाज मोठा’ हा गॅरेजमधील समजच येथे शासकीय कोष्टकात शिरला, असे म्हणावे लागते.

न्यायाचा मुद्दा

यात आणखी एक मुद्दा आहे. कित्येक महागड्या मोटारींच्या धुराच्या नळीत कारखान्यातूनच एक झडप बसवलेली असते. ती मिटलेली असताना वायू सायलेन्सरच्या सर्व दालनांतून फिरून शांतपणे बाहेर पडतो. चालकाने कळ दाबली किंवा इंजिनाचा वेग वाढला की ती उघडते आणि गर्जना सुरू होते. मूळ कल्पना चांगली आहे. गावात शांतता राहावी आणि खुल्या रस्त्यावर पूर्ण शक्ती मिळावी, असा समतोल तिने साधता येतो. पण झडपेची कळ चालकाच्या हाती असल्याने मध्यरात्री शहरातही ती उघडली जाते, आणि ही गाडी कारखान्यातून आली तशीच असल्यामुळे ५२ व्या कलमाला तिच्यावर बोट ठेवता येत नाही. उलट गंजलेला सायलेन्सर बदलताना मूळ भागाची किंमत न परवडल्याने बाजारातील स्वस्त नळकांडे बसवणारा दुचाकीस्वार सरळ गुन्हेगार ठरतो. दोघांच्याही आवाजाने झोप सारखीच मोडते. कायद्याची नजर गाडीच्या किमतीकडे किंवा बदलाच्या जागेकडे न जाता आवाजाच्या मापाकडे गेली पाहिजे. तसे होत नाही तोवर ही मोहीम गरिबाच्या पोराविरुद्ध आहे, या तक्रारीला सरकारपाशी समाधानकारक उत्तर असणार नाही.

युरोपचा अनुभव

युरोपीय समुदायाने १९७० साली मोटारींसाठी ८२ डेसिबलची मर्यादा घातली. ती टप्प्याटप्प्याने ८०, ७७ आणि १९९० च्या दशकात ७४ वर आली. २०१४ च्या नियमावलीने कसोटीची पद्धत बदलली आणि सर्वसाधारण मोटारींसाठी ७२, ७० आणि अखेर ६८ अशी उतरती पायरी ठरवून दिली. या अर्धशतकात युरोपातील मोटारींची शक्ती कमी झाली नाही, वाढतच गेली. केवळ कसोटीपुरती शांत राहून एरवी गर्जणाऱ्या गाड्यांना पायबंद घालण्यासाठी कसोटीच्या बाहेरच्या वेगांनाही लागू होणारी कलमे तेथे जोडण्यात आली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट व्यवहाराची आहे. जर्मनीत गाडीच्या नोंदणीपत्रावरच ती उभी असताना ठरावीक फेऱ्यांवर किती डेसिबल आवाज करते हे छापलेले असते. पोलीस नळीपासून अर्ध्या मीटरवर यंत्र धरतो, आकडा पाहतो आणि कागदावरील आकड्याशी ताडतो. वाद संपला. ज्याला सायलेन्सर बदलायचा आहे त्याच्यासाठी तपासून शिक्का मारलेले सायलेन्सर बाजारात मिळतात. ते मूळ भागापेक्षा हलके असू शकतात, वायूला अधिक मोकळी वाट देऊ शकतात, पण अधिक गोंगाट करू शकत नाहीत. हौसेला वाट ठेवलेली आहे आणि उपद्रवाला बांध घातलेला आहे. पॅरिस परिसरातील ध्वनिमापन करणाऱ्या ब्रुईपारीफ या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे सायलेन्सर बिघडवलेली एकच दुचाकी रात्री शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, तर दहा हजारांहून अधिक लोकांची झोप मोडू शकते. म्हणून फ्रान्सने २०२२ मध्ये आवाज मोजून गाडीचा क्रमांक टिपणाऱ्या यंत्रांचे प्रयोग हाती घेतले. मुंबई-पुण्यातील वस्तीची दाटी लक्षात घेतली तर तेथे हा हिशेब कोठे जाईल, याची कल्पनाच केलेली बरी.

करता येण्याजोगे

भारतात हे अशक्य आहे असे म्हणण्यास जागा नाही, कारण याच धर्तीची एक व्यवस्था येथे पूर्वीच रुळली आहे. पेट्रोलची गाडी सीएनजीवर चालवायची असेल तर ५२ वे कलमच त्याला वाट देते. मान्यताप्राप्त साधनसंच बसवायचा, तपासणी करून घ्यायची आणि नोंदणीपत्रावर तशी नोंद करायची. सायलेन्सरच्या बाबतीत हाच नियम का नसावा? तपासणीसाठी परदेशी धाव घेण्याचीही गरज नाही. मोटारींच्या कसोट्या घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था १९६६ पासून पुण्यातच काम करीत आहे. प्रत्येक नव्या गाडीच्या नोंदणीपत्रावर तिच्या उभ्या स्थितीतील आवाजाचा आकडा छापावा, पीयूसी केंद्रात धुराबरोबर आवाजही मोजावा, रस्त्यावरील पथकांना प्रमाणित ध्वनिमापक द्यावेत आणि शिक्का नसलेले नळकांडे विकणाऱ्या दुकानावर प्रथम कारवाई करावी. आज खरेदी करणारा पकडला जातो आणि विकणारा मोकळा राहतो. हौदाची तोटी उघडी ठेवून फरशी पुसण्याचा हा प्रकार आहे.

विजेवरच्या गाड्या येतच आहेत, मग हा खटाटोप कशाला, असा प्रश्न काही जण करतील. त्या गाड्या शक्ती आणि शांतता यांची फारकत पूर्ण करतात हे खरे. त्या इतक्या शांत आहेत की पादचाऱ्यांना, विशेषतः अंधांना, त्यांची चाहूल लागावी म्हणून कमी वेगात त्यांनी कृत्रिम आवाज करावा, असा नियम युरोपला २०१९ मध्ये लागू करावा लागला. पण आज विकली जाणारी प्रत्येक पेट्रोल दुचाकी आणखी दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर असणार आहे. आज जो मुलगा पाचवीत आहे, त्याची दहावीची, बारावीची आणि पदवीची परीक्षा याच आवाजात होणार आहे. त्याला भविष्यातील शांततेचे आश्वासन देऊन भागणार नाही.

चांगले यंत्र आपले काम करते आणि गाजावाजा करीत नाही, ही कसोटी जुन्या कारागिरांना ठाऊक होती. रोल्स-रॉईसने १९०७ च्या सुमारास सात लिटरच्या इंजिनाची मोटार बाजारात आणली, तेव्हा तिच्या नीरव चालीमुळे तिला ‘चंदेरी भूत’ असे नाव मिळाले, आणि त्या नीरवतेलाच लोक तिच्या सामर्थ्याची खूण मानू लागले. शंभराहून अधिक वर्षांनंतर नेमका उलटा समज रुजावा, हा अभियांत्रिकीचा पराभव नाही. तिच्याकडून शिकण्याची टाळाटाळ करणाऱ्या समाजाचा आणि मोजण्याचे कष्ट न घेणाऱ्या शासनाचा आहे. रोड रोलरखाली चेपलेला सायलेन्सर गोंगाट संपवत नाही. तो दुकानातून दुसरा आणता येतो. दुकानातल्या सायलेन्सरवर प्रमाणाचा शिक्का, नोंदणीपत्रावर आवाजाचा आकडा आणि पोलिसाच्या हाती मोजमापाचे यंत्र, एवढे जमले तर शक्तीची हौस असणाऱ्याला शक्ती मिळेल आणि झोपेचा हक्क असणाऱ्याला झोप.